चेहरा उजेडात

ऑफिसची ऑनलाइन मीटिंग चालू असतानाच भावाचा फोन आला. आपला आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून तिने लॅपटॉपच्या कडेचं माइकचं बटण दाबलं. त्यावर लाल दिवा लागला.

"आजही क्लास आहे?" भाऊ म्हणाला. "सात महिने एकच ओळ! आईची हौस होती गं, तुझा छळ झालाय."

"आज शेवटचा. सांगून टाकते त्यांना."

मीटिंग संपली तसा तिने गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर तेच विटलेलं जाकीट, मागे गवसणीतला तंबोरा. आई त्यांच्यासमोर बसून वीस वर्षं शिकली होती. आई गेली आणि शेवटची बंदिश तेवढी अर्धी राहिली. ती पुरी करावी, गुरुजींनी एकदा 'सूर लागला' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. गुरुजी मात्र सात महिने एकच शब्द म्हणत होते. पुन्हा.

फोन ते स्वतः कधी घेत नसत, त्यांच्या पत्नी, काकूच घ्यायच्या. तिने मान वळवून काही विचारलं तर उत्तरसुद्धा देत नसत. म्हाताऱ्याचा ताठा, असं भाऊ म्हणायचा.

"चेहरा उजेडात ठेव," गुरुजी म्हणाले. हेही रोजचंच.

तिने दिवा जवळ ओढला. "गुरुजी, मी आजपासून थांबतेय. मला नाही जमत."

ते तिच्याकडे बघत राहिले. "कंटाळलीस?"

"चुकतं कुठे, ते तरी कधी सांगितलंत?"

"जबडा आवळतेस. भांडायला निघाल्यासारखी." ते हसले. "बरं, थांब. पण जाताना एकदा गा."

आता मिळवायचं काही नव्हतं. तिने डोळे मिटले. आई भाजी निवडताना गायची तशी ती गायली, कुणासाठीच नाही. ओळ संपली तरी डोळे उघडावेसे वाटेनात.

मग गुरुजींचा आवाज आला, जरा घोगरा.

"लागला सूर. तुझ्या आईचा लागायचा, तसाच. आज कान तृप्त झाले, पोरी."

तिने नुसती मान हलवली. "उद्या याच वेळेला," ते म्हणाले आणि कॉल संपला.

लॅपटॉप बंद करायला तिने हात पुढे केला. माइकच्या बटणावरचा लाल दिवा, मीटिंगमध्ये लागलेला, अजून तसाच होता.