कल्हईची पारख

दुष्काळात शालूबाई संस्थानच्या अन्नछत्रावर आली ती हाडांचा सापळा होऊन. तांब्याच्या हंड्यात आंबील कळकून कुणाला बाधू नये म्हणून तिथली कल्हई तपासायचं काम तिच्याकडं आलं. तिची पारख एकच. कल्हई झाली की आत वाकून बघायचं, आपलं तोंड जसंच्या तसं दिसलं तरच हंडा चुलीवर.

तीन महिन्यांनी मीरासाब कल्हईवाल्यानं हंडा पुन्हा उजळून आणला. पंगत खोळंबली होती, तरी शालूबाई वाकली आणि कडाडली, "मीरासाब, तोंड सुजल्यागत दिसतंय ह्यात! न्हाय चालायचा ह्यो हंडा!"

मीरासाबनं हंड्यात बघितलं, मग तिच्याकडं बघितलं आणि पोट धरून हसला.

"आक्का, कल्हई झ्याक हाय. गाल भरल्यात की तुमचं!"