दुसरा गिअर

गाडी गॅरेजच्या फाटकाशी तिसऱ्यांदा कचकचली आणि बंद पडली.

"दुसरा पडतच नाही," फरजने स्टिअरिंगवर हात आपटला.

गेल्या महिन्यापर्यंत ही पिकअप मेंढ्या बाजारात न्यायची. आता मागे जळक्या रणगाड्यावरून काढलेली मशीनगन वेल्डिंग करून बसवली होती आणि बाजूंना लोखंडी पत्रे होते. वास मात्र मेंढ्यांचाच येत होता. मिसराता शहराबाहेर सकाळपासून तोफांची धडधड चालू होती आणि आघाडीवरून गाडीसाठी दोनदा निरोप आला होता.

"सरक," फरजचा बाप, हाजी मिलाद, म्हणाला. त्याने गिअरचा दांडा हलकेच वर ओढला, गुडघ्याने ढोसला. गाडी सुरळीत निघाली.

"वीस वर्षं मेंढ्या वाहिल्यात हिनं. धसमुसळेपणा खपत नाही तिला."

"मला शिकवा."

"सकाळपासून काय करतोय मग?"

"बाबा, तुमची शुगर, तुमचे गुडघे. तुम्ही आघाडीवर यायचं नाही. आईला शब्द दिलाय मी."

"मी कुठं येतोय? गाडी येतेय. मी आपला गिअर टाकणार."

हाजीचा जीव या एकुलत्या एका पोरात अडकला होता, हे अख्ख्या गॅरेजला ठाऊक होतं. फरज वेल्डर सालेमकडे वळला. "उस्ताद, तुम्हीच बघा. हा गिअर नीट झाला की यांना घरी सोडतो."

सालेमने दांड्याचं रबर वर सरकवलं आणि आत बोट घातलं. तिथे दांडा जागेवर धरणारा, बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा बुश असायला हवा होता. ईदच्या आधी त्याने स्वतः नवा बसवला होता. आता तिथे नुसतं ग्रीस होतं.

त्याने मान वर केली. हाजी आभाळाकडे बघत होता, जणू आज पाऊस पडेल का याचीच त्याला काळजी. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर ग्रीसचा ताजा डाग होता.

"होईल ना?" फरजने विचारलं.

सालेमच्या डब्यात तसले पाच बुश पडले होते. त्याने रबर पुन्हा खाली सरकवलं, हात पुसले.

"गिअरबॉक्सच गेलाय. आता ही म्हाताऱ्याचंच ऐकणार."

फरज काहीतरी पुटपुटला आणि मागे चढून मशीनगनला धरून उभा राहिला. हाजीने बिस्मिल्ला म्हणून दुसरा टाकला.

फाटकाबाहेर रस्त्यात तोफगोळ्याने केलेला खड्डा होता. हाजीने खिडकीतून हात बाहेर काढून दारावर दोन थापा मारल्या. पोरगा लहानपणी मेंढ्यांमध्ये उभा राहून बाजाराला यायचा, तेव्हाही खड्डा आला की तो अशाच दोन थापा मारायचा.

फरजने मशीनगन सोडली आणि मुकाट्याने खाली बसला.