उरलेल्या गोळ्यांचा डबा

सातव्या महिन्यात माहेरी आलेली मृणाल थंडीतापाने फणफणली, तेव्हा उपकेंद्रातल्या यंत्राने तिच्या लघवीतला जंतू धरला आणि तासाभरात त्याची अख्खी वंशावळ पडद्यावर मांडली. मृणाल बाहेर बाकावर होती. आत लोखंडे सिस्टर तिच्या आईला, सुमतीबाईंना, पडद्यावरची एक फांदी दाखवत होत्या.

“हा तुमच्याच घरातला, काकू. गेल्या वर्षी तुमच्या तपासणीत हाच सापडला होता. पाच औषधांना दाद देत नाही. आता एकच उरलंय.”

सुमतीबाईंनी पाच नावं वाचली. पाचही ओळखीची निघाली. ताप उतरला की गोळ्या थांबवायच्या, उरलेल्या डब्यात ठेवायच्या आणि पुढच्या दुखण्याला घरात दोन-दोन वाटायच्या, असा संसार त्यांनी तीस वर्षं केला होता. शेजारणीसुद्धा मागून न्यायच्या, आणि त्याचं त्यांना केवढं कौतुक!

“तिला यातलं काही सांगू नका हो,” त्या कशाबशा म्हणाल्या. “बाळंतपण होऊन जाऊ दे.”

“मग तिच्याकडून सगळ्या गोळ्या संपवून घ्यायचं काम तुमच्याकडे,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी चौदा गोळ्या हातावर ठेवल्या. सकाळी एक, रात्री एक.

चौथ्या दिवशी सकाळी सुमतीबाई पाण्याचं भांडं घेऊन आल्या, तर मृणाल हसतमुखाने उठून बसलेली.

“ताप गेला, आई. आता कशाला? उरलेल्या आठ मी तुझ्या डब्यात ठेवल्या,” पोटावरून हात फिरवत ती म्हणाली. “बाळाला कधी लागल्या तर असू देत.”