उलटणारा ट्रक

ज्याला स्वतःचेच हित नकोसे झाले आहे, त्याच्याशी केलेले थोडे कपट क्षम्य मानावे. मोटारदुरुस्तीत हयात घालवलेले आजोबा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खुर्ची सोडीनात, तेव्हा नातीने आपला रिमोटचा ट्रक त्यांच्या हाती दिला. अंगणातले खड्डे तो सहज ओलांडी. वळणावर मात्र हमखास उलटे.

“चालवेल त्यानंच सरळ करायचा हं, आजोबा!”

दहाव्यांदा उठल्यावर आजोबांनी तो निरखून पाहिला.

“अगं, भार वर गेलाय, म्हणून कलंडतोय. एवढी मोठी चाकं कोणत्या शहाण्यानं लावली?”

“मी. लहान लपवून ठेवलीत.”

आजोबांनी मागे वळून पाहिले. खुर्ची बरीच दूर राहिली होती.

“मग राहू देत हीच.”

त्या अंगणातली वळणे कधी न सरोत.