परसातला बर्फ

"तुम्ही अमेरिकावाले आइस हॉकी तिकीट काढून बघता. आम्ही कॅनडावाले ती परसात पिकवतो," बाबा फोनवर म्हणाले. शेजाऱ्यांना खेळता यावं म्हणून हिवाळाभर ते रोज परसात नळीने पाण्याचा थर देऊन बर्फ करत.

"आमच्या डेट्रॉइटच्या स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते," मी म्हणाले.

"पण सगळे बसूनच ना?"

आम्हा दोघांमध्ये सीमेवरची एक नदी होती आणि वीस वर्षांचा हा वाद. मी कधी हार मानली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा अचानक गेले.

तेराव्याला त्यांच्या परसात पाण्याचा आवाज आला. सत्तरीची शेजारीण नळी धरून उभी होती. "एक थर चुकला तर तुझे बाबा रागावतील," ती म्हणाली.

मी बाबांचे गमबूट चढवले, नळी मागून घेतली आणि मोठ्याने म्हणाले, "बाबा, तुम्ही जिंकलात."