निनावी शेरा

आमच्या विषयात काल-परवा आलेल्या एका पोरीचा शोधनिबंध तपासायला नेमका माझ्याकडे आला. पृथ्वीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र आणि त्यात अडकलेल्या प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा, दाब यांचं जे मॉडेल मला वीस वर्षांत जमलं नाही, ते तिने जवळजवळ जुळवलं होतं. माझ्या पोटात दुखायला लागलं.

तपासणाऱ्याचं नाव लिहिणाऱ्याला कळत नाही, तेव्हा मी शेरा ठोकला, “सगळ्या दिशांना दाब सारखाच कसा धरलात? क्षेत्ररेषेच्या दिशेने वेगळा, आडवा वेगळा घ्या आणि गणित पहिल्यापासून करा.” म्हटलं, बसेल वर्षभर डोकं धरून!

वर्षभराने तिचं मॉडेल उपग्रहाच्या मोजमापांशी तंतोतंत जुळलं आणि तिला पुरस्कार मिळाला. समारंभात ती म्हणाली, “हे एका निनावी शेऱ्यामुळे झालं. इतक्या आपुलकीने चूक दाखवणारे सर आपल्यात एकच आहेत. मी ओळखलंय त्यांना.”

ती गुच्छ घेऊन आमच्या रांगेकडे आली, तसा मी कॉलर नीट करून अर्धवट उठलो.



तिने गुच्छ माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या वर्गमित्राच्या हातात दिला, आणि तो पठ्ठ्या म्हणाला, “अगं, कर्तव्यच होतं ते माझं!”