आजोबांचा नवा चेहरा

आजोबांचं नाक ओघळून हनुवटीला टेकलं होतं. एक डोळा गालावर आला होता, दुसरा सापडतच नव्हता. शेजारच्या ताटात त्यांची जास्तीची डोकी ठेवलेली होती, त्यांचाही लगदा झाला होता.

“दादा, शप्पथ! दिवा मी बंद केला होता,” धाकटा भाऊ म्हणाला.

“मग आजोबा काय लाजून वितळले?” दादा खुर्चीतून ओरडला. दवाखान्यातून आल्यापासून तो पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने बोलला होता.

तिघं मिळून मेणमातीच्या बाहुल्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट करत होते. दादा बाहुल्या घडवायचा, त्याची बायको त्या हलवायची आणि धाकटा दिवे सांभाळायचा. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. दिवसभर कंबर मोडून घेतली की पडद्यावर आजोबा एकदा शिंकायचे. यात कित्येक वर्षं गेली. “अजून मातीतच खेळताय का?” असं नातेवाईक विचारायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं.

मग दादाला झटका आला आणि उजवी बाजू गेली. धाकटा दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून राहिला. वहिनी डबा पोचवून घरातल्याच स्टुडिओत परतायची. कामात मन रमतं, म्हणायची. दादा घरी आला तो भिंतीकडे तोंड करून पडला. बोटांच्या व्यायामाला डॉक्टरांनी मातीचा गोळा दिला, तो त्याने खिडकीतून भिरकावला. “चेहरे घडवणाऱ्याला आता गोळ्या वळायला सांगता?”

शेवटचा प्रसंग तेवढा उरलाय, असं वहिनी सगळ्यांना सांगत होती. बायको गेल्यापासून उंबरा न ओलांडलेले आजोबा त्यात दार उघडून बाहेर पडणार होते. चित्रपट पाठवायची तारीख दोन महिन्यांवर आली होती, आणि अशात हे.

एरवी दिव्याच्या तारेवरूनही घर डोक्यावर घेणारी वहिनी आज धाकट्याला एवढंच म्हणाली, “जाऊ दे. झालं ते झालं.”

“साचा आहे ना?” धाकट्याने चाचरत विचारलं.

“साच्यातून टाळकं निघतं, चेहरा नाही,” दादा म्हणाला.

“मी करते चेहरा,” वहिनी म्हणाली. तिने केलाही. दादाने तो मान वाकडी करून पाहिला.

“हा तुझा मामा आहे.”

खरंच होतं ते. बाहुली चालवण्यात वहिनीचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण तिने केलेला प्रत्येक चेहरा मामाच्या वळणावर जायचा.

“आण इकडे,” दादा चिडून म्हणाला.

त्याने डाव्या हाताने कपाळ काढलं, भुवया काढल्या. डोकं सारखं निसटत होतं. धाकटा धरायला पुढे झाला, तर वहिनीने त्याला डोळ्यांनीच थांबवलं. दादाने मेलेला उजवा हात उचलून टेबलावर टाकला आणि आजोबांची मान त्यात अडकवली. दिवसामागून दिवस असेच गेले. मोडायचं, शिव्या द्यायच्या, पुन्हा करायचं. एका दुपारी नाक दाबताना उजवा अंगठा आपला आपण हलला. वहिनी चहा टाकते म्हणून आत गेली. चहा ओतू गेला तरी बाहेर आली नाही. पोटभर रडली.

चेहरा झाला, पण एक डोळा खाली आणि ओठ एका बाजूला ओढलेला.

“हे आपले आजोबा नाहीत,” दादा म्हणाला. “यांनाही झटका आलाय.”

“येऊ दे,” वहिनी म्हणाली. “इतक्या वर्षांनी घराबाहेर पडणाऱ्याचा चेहरा सरळ कसा असेल?”

कोणतीही चाल आधी स्वतः चालून बघायची, ही त्यांची रीत. या खेपेला दादाच उठला. पाय ओढत, भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेला, जरा थांबला आणि कडीला हात घातला. वहिनी डोळ्यांत प्राण आणून बघत होती. मग तिने आजोबांना अगदी तसंच चालवलं. वाकड्या तोंडाचे, एक पाय ओढणारे आजोबा उन्हात गेले, तेव्हा धाकट्याला हुंदका आवरेना. दादाने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याच उजव्या हाताने.

चित्रपट पाठवायच्या सकाळी दादाला वाटलं, कडीचा आवाज जरा मोठा हवा. वहिनी स्वयंपाकघरात होती, म्हणून तो स्वतःच कॉम्प्युटरवर शोधायला बसला. आवाज काही सापडेना. एक बिननावाची फाईल मात्र सापडली. तिच्यात आजोबा सरळ चेहऱ्याने, एकदाही न अडखळता चालत आले आणि दार उघडून उन्हात गेले. प्रसंग पूर्ण होता, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. तारीख तो दवाखान्यात होता तेव्हाची होती.

“सापडलं का रे?” वहिनीने आतून विचारलं.

दादाने तो प्रसंग पुन्हा एकदा शेवटपर्यंत पाहिला. दिवा बंद केल्याची धाकट्याची शप्पथ त्याला आठवली.

“नाही गं,” तो म्हणाला, आणि उजव्या हाताच्या बोटाने फाईल पुसून टाकली.